आभाराच्या चार ओळी

सकाळी अंथरुणातून उठल्यापासून रात्री पुन्हा पाठ टेकेपर्यंत माणसाला किती जणांचे साहाय्य घ्यावे लागते, याचा हिशोब सहसा कोणी मांडीत नाही. पहाटेच्या अंधारात दूध घालणारा गवळी, नळाला वेळेवर पाणी सोडणारा कामगार, धावत आलेल्या मुलासाठी क्षणभर गाडी थांबविणारा एस. टी.चा वाहक, वर्ग झाडून ठेवणारा शिपाई, न समजलेले उदाहरण पुन्हा एकदा समजावून देणारे गुरुजी, अशा कितीतरी माणसांच्या श्रमांवर एका मुलाचा एक दिवस उभा असतो. हे सारे इतके नित्याचे असते की ते दिसेनासे होते. गरज असते तोपर्यंत माणूस दुसऱ्याच्या दाराशी उभा राहतो आणि गरज भागताच त्या दाराची वाट विसरतो. मराठीत या वृत्तीला अनुलक्षून एक म्हण रूढ झाली आहे : ‘गरज सरो, वैद्य मरो.’

या वृत्तीच्या उलट जी वृत्ती, तिला कृतज्ञता म्हणतात. हा शब्द उकलून पाहण्यासारखा आहे. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने आपल्यासाठी जे केले ते जो जाणतो, तो कृतज्ञ. याच्या विरुद्ध शब्द ‘कृतघ्न’. त्यातील ‘घ्न’ या अक्षराचा अर्थ नाश करणारा असा आहे. दुसऱ्याने केलेले जो मनातून पुसून टाकतो, तो कृतघ्न. म्हणजे कृतज्ञता ही केवळ गोड बोलण्याची रीत नव्हे. ती प्रथम जाणण्याची क्रिया आहे. कोणी काय केले, केव्हा केले आणि त्यासाठी स्वतःचे काय खर्ची घातले, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने शंभर वेळा आभार मानले तरी ते पोकळच राहतात.

आभार तीन प्रकारांनी मानले जातात. काही जण ते मनातल्या मनात मानतात. हे आभार खरे असतील, पण ज्याचे मानायचे त्याला ते कधीच कळत नाहीत. काही जण ते तोंडाने मानतात. हे चांगले आहे. परंतु बोललेला शब्द वाऱ्याबरोबर जातो, आणि घाईगर्दीत तो पुष्कळदा ऐकूही येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे आभार लिहून कळविणे. यात कष्ट थोडे अधिक आहेत आणि म्हणूनच हा प्रकार मागे पडत चालला आहे. तथापि, जाणणे, सांगणे आणि टिकविणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याचे सामर्थ्य या तिसऱ्या प्रकारातच आहे.

लिहिलेला शब्द किती टिकतो, हे पाहायचे असेल तर कृष्णाकाठी जावे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून आणि कऱ्हाडवरून वाहत सांगलीस येते. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे असले, तरी हा सारा मुलूख पूर्वी एकमेकांशी जोडलेला होता. 1949 साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि 1960 साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. या काठावरच्या वाड्यांत पिढ्यान्पिढ्या कागदांची दप्तरे जपून ठेवलेली होती. कापडी रुमालांत बांधलेले ते कागद बहुतेक मोडी लिपीत लिहिलेले असत. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना वाई येथे असेच जुने कागद मिळाले. त्यांतून 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड सिद्ध झाला आणि पानिपतापूर्वीच्या काळावर नवा प्रकाश पडला. इकडे मिरजेस वासुदेवशास्त्री खरे या विद्वान शिक्षकांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रे निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध केला.

ज्यांनी ती पत्रे लिहिली, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नसेल. कोणी छावणीतून खुशाली कळविली, कोणी पैशांची निकड सांगितली, कोणी मोहिमेची बातमी दिली. त्या काळी छावण्यांत आणि वाड्यांत जे नुसते बोलले गेले, ते बोलणाऱ्यांबरोबर संपले. जे कागदावर उतरले, ते दीडशे वर्षांनंतरही वाचता आले. हाताने लिहिलेल्या साध्या पत्राला एवढे आयुष्य असू शकते.

जुन्या मराठी पत्रांची एक ठरलेली धाटणी होती. वर मध्यभागी ‘श्री’ लिहावयाचे. आईवडिलांस ‘तीर्थरूप’ किंवा ‘तीर्थस्वरूप’ म्हणावयाचे. वडीलधाऱ्यांना ‘शिरसाष्टांग नमस्कार’, बरोबरीच्यांना ‘कृतानेक नमस्कार’ आणि धाकट्यांना ‘चिरंजीव’ म्हणून ‘अनेक आशीर्वाद’ लिहावयाचे. शेवटी ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’ असा समारोप असे. येथे ‘लोभ’ या शब्दाचा अर्थ हाव असा नसून माया असा आहे. नमस्कारानंतर ‘विनंती विशेष’ असे दोन शब्द येत. ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांतील शेवटची दोन अक्षरे त्यांचीच. हे दोन शब्द लिहिले की शिष्टाचार संपला आणि मुख्य मजकूर सुरू झाला, असे समजत. म्हणजे नमस्कार ठरलेल्या साच्याचा असे. पण त्यापुढे जे लिहावयाचे ते ‘विशेष’, त्या एका माणसासाठी आणि त्या एका प्रसंगापुरते असे.

आभाराच्या पत्राचे मर्म या ‘विशेष’ शब्दात साठविलेले आहे. ‘आपण केलेल्या मदतीबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे,’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. पण ते कोणीही, कोणालाही, केव्हाही लिहू शकेल. त्यात विशेष असे काहीच नाही. याउलट एखाद्या मुलाने असे लिहिले तर पाहा : ‘गुरुजी, सहामाही परीक्षेत माझे गणित गेले होते. त्यानंतर शाळा सुटल्यावर तुम्ही पंधरा दिवस मला ओसरीवर बसवून अपूर्णांक शिकविलेत. एकदा तर तुम्हाला ताप होता, तरी तुम्ही मला परत पाठविले नाही. आता मी धाकट्या भावाला तेच अपूर्णांक शिकवितो.’ या चार ओळींत अलंकार नाहीत आणि मोठे शब्दही नाहीत. परंतु गुरुजींनी काय केले, ते त्या मुलाने पाहिले होते आणि लक्षात ठेवले होते, हे त्यांतून सिद्ध होते. आपले केलेले कोणीतरी पाहिले, हे कळण्याइतका आनंद दुसऱ्या कशात क्वचितच असतो.

हे अधिक स्पष्ट होण्यासाठी एक प्रसंग घेऊ या. 2019 सालच्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी 57 फुटांच्या वर गेली. 2005 सालीही सांगलीने मोठा पूर पाहिला होता. परंतु हा त्याहून मोठा ठरला. घरांच्या खालच्या मजल्यांत पाणी शिरले आणि हजारो कुटुंबांना घर सोडावे लागले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे आणि लष्कराचे जवान नावा घेऊन आले. शाळांत आणि मंगल कार्यालयांत पूरग्रस्तांची सोय करण्यात आली. गावोगावच्या स्त्रियांनी भाकरी थापून पाठविल्या. पुढे पूर ओसरला, जवान दुसऱ्या कामगिरीवर गेले आणि लोक आपापल्या घरातील चिखल उपसण्यास लागले. ज्यांनी हात दिला, त्यांची नावे विचारून घेण्यासही अनेकांना वेळ मिळाला नाही. संकटकाळी असे नेहमीच घडते. मदत करणारा घाईत असतो आणि मदत घेणारा भयात असतो.

अशा वेळी घर सोडून परगावच्या शाळेत आसरा घेतलेल्या एखाद्या मुलीने घरी परतल्यावर कसे पत्र लिहावे, याचा एक नमुना पुढे दिला आहे. ज्या बाईंना ते लिहावयाचे त्यांचे नाव तिला ठाऊक नाही, अशी कल्पना केली आहे.

श्री

सांगली,
दि. 5 सप्टेंबर

ती. मावशींना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पुराच्या वेळी आम्ही तुमच्या गावच्या शाळेत नऊ दिवस राहिलो होतो. पहिल्या रात्री माझी आजी जेवली नाही. तिला दात नसल्यामुळे भाकरी चावता येत नव्हती आणि परक्या ठिकाणी ते सांगण्याचा तिला संकोच वाटत होता. तुम्ही तिला काही विचारले नाही. भाकरी दुधात कुस्करून वाटी तिच्यापुढे ठेवली आणि पुढच्या पंगतीला वाढायला निघून गेलात. त्यानंतर रोज तिच्यासाठी ती वेगळी वाटी येत असे.

आम्ही परत निघालो त्या दिवशी ट्रक लवकर आला. तुम्ही शेतावर गेला होता, म्हणून तुम्हाला भेटता आले नाही. आमच्या घराच्या भिंती अजून ओल्या आहेत. पण चूल पेटली आहे. आजी रोज जेवताना त्या वाटीची आठवण काढते. घर नीट झाले की तुम्ही एकदा आमच्याकडे जेवावयास यावे, असे तिने सांगितले आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली,
अ. ब. क.

या पत्रात ‘आभार’ हा शब्द एकदाही आलेला नाही. तरीही ते आरंभापासून अखेरपर्यंत आभाराचेच पत्र आहे. त्यात दुधात कुस्करलेली भाकरी आहे, न विचारता केलेली सोय आहे आणि भेट न झाल्याची रुखरुख आहे. त्या मावशींनी त्या नऊ दिवसांत कितीतरी माणसांना जेवू घातले असेल. एका म्हातारीची वाटी त्या कदाचित विसरूनही गेल्या असतील. पत्र वाचल्यावर त्यांना कळेल की, ज्या गोष्टीला त्यांनी क्षुल्लक मानले, तीच एका घरात रोज आठवली जात आहे. नाव ठाऊक नाही म्हणून हे पत्र अडून राहण्याचे कारण नाही. त्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे ते पाठवावे आणि ‘पुराच्या वेळी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींना द्यावे’ अशी ओळ वर लिहावी. लहान गावात एवढी खूण पुरेशी असते.

येथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. आता प्रत्येक घरी दूरध्वनी आहे. खिशातल्या मोबाइलवरून क्षणात संदेश पाठविता येतो. मग कागद, शाई आणि टपालपेटी यांचा खटाटोप कशासाठी? शंका रास्त आहे. संदेश लवकर पोहोचतो, हे खरेच आहे. ज्याला आज कळावयास हवे, त्याला तो आजच पाठवावा. कागदावर लिहीन म्हणून वाट पाहत बसणे आणि अखेरीस काहीच न लिहिणे, यापेक्षा छोटा संदेश केव्हाही बरा. परंतु दोहोंत एक फरक आहे. संदेश शेकडो संदेशांच्या गर्दीत येतो आणि त्याच गर्दीत खाली जातो. हाताने लिहिलेले पत्र एकटे येते. ते उघडावे लागते, हातात धरावे लागते आणि वाचून झाल्यावर कोठे तरी ठेवावे लागते. देवघराच्या फळीवर, ट्रंकेच्या तळाशी किंवा पोथीच्या पानांत अशी पत्रे वर्षानुवर्षे जपली जातात.

दुसरा फरक लिहिणाऱ्याच्या बाजूचा आहे. हात मनाहून सावकाश चालतो. एक ओळ लिहून होईपर्यंत मनाला विचार करण्यास अवसर मिळतो. ‘त्यांनी नेमके काय केले होते?’ असा प्रश्न लिहिता लिहिता पडतो आणि विसरलेला तपशील वर येतो. शिवाय अक्षर ही माणसाची खूण असते. मोत्यासारखे असो वा वेडेवाकडे, ते त्याचे एकट्याचे असते. शब्दांवरच्या रेघा, एखादी खाडाखोड, शेवटच्या ओळीत जागा न उरल्यामुळे बारीक झालेली अक्षरे, यांतून लिहिणारा समोर उभा राहतो. महात्मा गांधी पत्रे लिहिताना उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहीत असत. देशाचा एवढा मोठा भार शिरावर असलेल्या माणसाने पत्रासाठी दोन्ही हात झिजवावेत, यावरून त्यांना पत्राचे मोल किती वाटत होते, ते दिसून येते.

पत्र लिहिण्यास माणसे धजत नाहीत, याचे कारण केवळ आळस हे नसते. पुष्कळदा ते भय असते. ‘मला चांगले लिहिता येत नाही’, ‘त्यांना ते विचित्र वाटेल’, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कसले?’ असे विचार लेखणीला अडवितात. अमेरिकेतील अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी या भयाची परीक्षा घेतली. त्यांचे संशोधन 2018 साली प्रसिद्ध झाले. त्यांनी काही लोकांना, ज्यांचे ऋण वाटते अशा व्यक्तीला कृतज्ञतेचे पत्र लिहावयास सांगितले आणि पत्र वाचून त्या व्यक्तीस काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांनाही प्रत्यक्षात काय वाटले ते विचारले. लिहिणाऱ्यांचे अंदाज चुकले होते. त्यांना वाटले होते त्याहून वाचणाऱ्यांना अधिक आनंद झाला आणि त्यांना भीती होती त्याहून अवघडलेपणा कमी वाटला. लिहिणारा आपल्या शब्दांच्या सफाईची चिंता करीत बसतो. वाचणाऱ्याचे लक्ष मात्र त्यामागच्या ओलाव्याकडे असते. ती पत्रे संगणकावरून धाडलेली होती, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यावरून कळते की, आभाराचा जीव मजकुरात असतो. हाताचे अक्षर आणि कागद त्या जिवाला टिकाऊ शरीर देतात.

पत्र पाठविणे ही एके काळी श्रीमंतांची आणि सरदारांची गोष्ट होती. जासूद पाठविण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी, त्याचेच पत्र दूर जाई. टपाल खात्याने ही स्थिती पालटली. जगातील पहिले पोस्टकार्ड 1869 साली ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. त्यानंतर दहा वर्षांनी, 1 जुलै 1879 रोजी, भारतात पोस्टकार्ड सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे तेव्हाचा एक पैसा होती. मुंबईच्या गिरणीत राबणारा मजूर आता गावाकडे आपली खुशाली कळवू लागला. ज्याला लिहिता येत नसे तो दुसऱ्याकडून लिहवून घेई आणि ज्याला वाचता येत नसे त्याला पोस्टमन ते वाचून दाखवी. पोस्टकार्डावर जागा थोडी, म्हणून मजकूरही नेमका लिहावा लागे. आभारासाठी तेवढी जागा पुरते.

पत्र योग्य ठिकाणी पोहोचावे, यासाठी पत्ता सुवाच्य असणे आवश्यक आहे. 15 ऑगस्ट 1972 रोजी देशात पिनकोड सुरू झाला. ही पद्धती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. ते संस्कृतचे नामांकित कवीही होते. पिनकोडाचे सहा अंक असतात. त्यांतील पहिल्या अंकावरून देशाचा विभाग, पहिल्या तीन अंकांवरून टपालाची वाटणी करणारा जिल्हा आणि शेवटच्या तीन अंकांवरून डाकघर ओळखता येते. सातारा शहराचा पिनकोड 415001 आणि सांगलीचा 416416 आहे. एकाच नावाची अनेक गावे असलेल्या महाराष्ट्रात या अंकांमुळे पत्र वाट चुकत नाही.

आभाराचे पत्र लिहिताना काही गोष्टी पाळाव्यात. प्रथम, घडलेली गोष्ट नेमकी सांगावी. दुसरे, त्या गोष्टीमुळे पुढे काय झाले, तेही कळवावे. कारण देणाऱ्याला आपल्या दानाचे फळ पाहावयास मिळतेच असे नाही. तिसरे, खोटी स्तुती करू नये. एका वाटीभर दुधाला अमृत म्हटले की वाचणाऱ्याला संकोच वाटतो आणि पत्रावरचा विश्वास उडतो. चौथे, आभाराच्या पत्रात नवी मागणी घालू नये. ‘आपण दिलेले पुस्तक आवडले, आता दुसरे पाठवावे,’ असे लिहिले की पहिले वाक्य दुसऱ्यासाठीच लिहिले होते असे दिसते. पाचवे, कोणी सांगितले म्हणून, फळ्यावरचे उतरवून, पत्र लिहू नये. शुद्धलेखनाच्या दोन चुका असलेले स्वतःचे पत्र हे दुसऱ्याच्या निर्दोष पत्राहून मोलाचे असते. आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची : पत्र वेळेवर लिहावे.

वेळेचे महत्त्व काय, हे सातारच्या एका वसतिगृहाच्या कथेतून समजेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 साली तिचे मुख्य ठाणे साताऱ्यास आणले. खेड्यापाड्यांतील गरीब मुलांना, सर्व जातींच्या मुलांना, एकत्र ठेवून शिकवावे, हा त्यांचा ध्यास होता. 1927 साली महात्मा गांधी साताऱ्यास आले तेव्हा या वसतिगृहाला त्यांच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी भाऊराव गावोगाव फिरून धान्य मिळवीत. घरोघरच्या स्त्रियांनी दळणाच्या धान्यातून एकेक मूठ बाजूला काढून ठेवावी, अशी ‘मुष्टिफंडा’ची रीत त्यांनी पाडली. एकेका मुठीवर शेकडो मुले शिकली. ज्या स्त्रियांनी ती मूठ काढली, त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

या वसतिगृहाची माउली म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या मुलांना पोटच्या मुलांसारखे सांभाळीत. धान्य संपले आणि पैसा उरला नाही, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने एकामागून एक वसतिगृहासाठी दिले. अखेरीस गळ्यातले मंगळसूत्रही दिले. 1930 साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. त्यांच्या हातचे जेवलेली मुले तेव्हा शिकत होती किंवा नुकती पायांवर उभी राहत होती. पुढे त्यांतील कोणी शिक्षक झाले, कोणी कार्यकर्ते झाले, संस्थेचा वटवृक्ष महाराष्ट्रभर पसरला. 1959 साली भाऊराव गेले, तोवर त्यांना आपल्या कष्टांचे फळ डोळ्यांनी पाहता आले. लक्ष्मीबाईंना ते पाहता आले नाही. मोठेपणी ज्या मुलांना त्या मंगळसूत्राचा अर्थ पुरता उमगला असेल, त्यांना ते कळविण्यासाठी पत्ता उरला नव्हता.

लहानपणी घेतलेल्या उपकाराचे मोल पुष्कळदा मोठेपणीच कळते, आणि तोवर देणारे हात राहतातच असे नाही. याला उपाय दोनच आहेत. एक उपाय रयत शिक्षण संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या अनेकांनी दाखविला आहे. ज्यांनी दिले त्यांना परत करता आले नाही, म्हणून त्यांनी पुढच्या मुलांना दिले. दुसरा उपाय याहून सोपा आहे आणि तो अकरा-बारा वर्षांच्या मुलालाही साधण्यासारखा आहे. जे आज कळते आहे, तेवढे आजच लिहावे. सर्व अर्थ उमगेपर्यंत थांबू नये. आजीने शिवून दिलेल्या दप्तरासाठी, शेजारच्या काकांनी परीक्षेच्या दिवशी सायकलवरून सोडल्याबद्दल, ग्रंथालयातील ज्या बाईंनी पुस्तक मागे काढून ठेवले त्यांच्यासाठी, चार ओळी पुरेत. माणूस एकाच घरात राहत असला तरी त्याला पत्र लिहिता येते. ते उशाखाली ठेवावे. त्यास तिकीटही लागत नाही.

वाईच्या आणि मिरजेच्या दप्तरांतील जे कागद टिकले, त्यांच्या आधारे मागच्या पिढ्या आज बोलतात. प्रत्येक घरातही असे एक लहानसे दप्तर असते. एखाद्या दिवशी कोणी ट्रंक उघडतो, पिवळे पडलेले पोस्टकार्ड हाती लागते, आणि आजीने कोणासाठी काय केले होते, ते नातवाला प्रथमच कळते. तिने ते कधी सांगितलेले नसते. ज्याच्यासाठी केले, त्याने मात्र ते जाणले होते आणि त्याच आठवड्यात चार ओळींत लिहून कळविले होते.